वारज्याची शीट

"घर उघडं राहिलं ना बाप्पा!"

एवढं म्हणून ताई आमच्या मॉनिटरच्या काचेवर बोट टेकवायच्या. लांबून दाखवणं त्यांना पटायचंच नाही. काचेवर बोटाचा गोल ठसा उमटायचा, तो त्या पदराच्या टोकाने लगेच पुसायच्या आणि पुसता पुसता म्हणायच्या, "बंद कर ते आधी. कुत्रं शिरेल आत."

घर म्हणजे नकाशातलं घर. आमचं काम कागदी नकाशे संगणकावर चढवण्याचं होतं. घराच्या चार रेघा काढल्या आणि शेवटची पहिलीला नीट भिडली नाही, तरी आपल्या डोळ्यांना ते घर बंदच दिसतं. संगणकाला मात्र तिथे फट दिसते, आणि फट असलेलं घर तो घर म्हणून धरतच नाही. अशी उघडी घरं शोधणं हे ताईंचं काम. त्या तपासणीला होत्या. त्यांनी होकार दिल्याशिवाय एकही शीट ऑफिसाबाहेर जात नसे. एका नकाशाचे तुकडे पाडून कामाला घेतले, की त्यातल्या प्रत्येक तुकड्याला आम्ही शीट म्हणायचो.

ऑफिस कर्वेनगरात, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. तेव्हा पुण्यात संगणकाची नुकतीच हवा सुरू झाली होती. ज्याच्या त्याच्या तोंडी कोर्सचं नाव, आणि ज्याचा त्याचा भाचा परदेशात. मी शनिवार पेठेतून सायकल मारत जायचो आणि घरी 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' असं सांगायचो. खरं म्हणजे मी दिवसभर अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाची गटारं काढत असे. त्यांचे जुने कागद इकडे यायचे, आम्ही ते स्कॅन करून पडद्यावर खाली पसरायचो आणि त्यावरून रेघा गिरवायचो. रस्ते एका लेयरवर, घरं दुसऱ्या, झाडं तिसऱ्या, तारा चौथ्या. एकेक लेयर हवी तेव्हा चालू करायची, नको तेव्हा बंद.

ताई मूळच्या वर्ध्याकडच्या. यजमान भोसरीला कारखान्यात फिटर. त्यांच्याबरोबर त्या लग्नानंतर पुण्याला आल्या. पूर्वी त्या शाईने ट्रेसिंग करायच्या, मग हे यंत्र आलं तेव्हा तेही शिकल्या. पुण्यात इतकी वर्षं काढून त्यांची भाषा बरीच सपाट झाली होती. पण चूक सापडली की वर्धा उसळून वर यायची. "काय करून राहिला रे तू? काहून सोडली ही रेघ?" हे ऐकलं की आमच्या खोलीत माऊसचे आवाज थांबायचे.

त्या अमेरिकन गावाची त्यांना आमच्यापेक्षा जास्त माया. एकदा तिकडचे दोन गोरे पाहुणे ऑफिस बघायला आले. साहेब, म्हणजे आमचे मालक, त्यांना मोठ्या ऐटीत खोली दाखवत होते. ताईंनी मधेच साहेबांना थांबवलं. "यांना विचारा जी, त्या चर्चसमोरच्या गटाराचं झाकण बसवलं का अजून? दोन वर्षांच्या कागदांत तुटलेलंच दाखवून राहिले." साहेबांनी घाम पुसत ते इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना ते चर्चच माहीत नव्हतं.

"लांबून सगळंच बरं दिसते. झूम कर," हे त्यांचं दुसरं वाक्य. ते फक्त कामापुरतं नव्हतं. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. आईने दिलेला एका मुलीचा फोटो मी जेवणाच्या सुट्टीत ताईंना दाखवला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला आणि परत दिला. "हा झूम होत नाही ना," म्हणाल्या. मी घरी जाऊन आईला सांगितलं की अजून थोडी चौकशी करू. आईला वाटलं, मुलगा शहाणा झाला.

ताईंच्या डब्यात झुणका असला की खोलीभर वास सुटायचा, आणि वर घरच्या कढीपत्त्याची फोडणी. ताईंचं घर वारज्याला. तिकडे तेव्हा पुढे शेतंच होती. नवरा-बायकोने आधी एक खोली बांधली, मग दुसरी, मग पुढे ओटा घातला. ओट्याच्या कोपऱ्याला लागून कढीपत्त्याचं झाड. त्याच्या डहाळ्या त्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणायच्या आणि आम्हा सगळ्यांना वाटायच्या. मी एकदा विचारलं, "ताई, उद्या वारज्याचा नकाशा काढायला आला, तर हे झाड झाडांच्या लेयरमध्ये घालायचं का?" त्यांनी गंभीरपणे विचार केला. "नाही बसत. खोडाचा घेर कमी पडते त्याचा. पण वाढून राहिलं ते. थांब थोडा."

आता एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. कंटाळू नका, पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. रेघ काढताना बाण एखाद्या कोपऱ्याजवळ नेला, की रेघ आपण होऊन उडी मारते आणि त्या कोपऱ्याला चिकटते. याला आम्ही स्नॅप म्हणायचो. ही सोय नसती तर ताईंची सगळीच घरं उघडी राहिली असती. पण सोय आंधळी आहे. जवळ जो कोपरा सापडेल तो ती धरते, मग तो कुणाचा का असेना. एका नव्या मुलीने अशीच एका नदीची कड चर्चच्या पायरीला चिकटवली होती. ताईंनी तिथे लाल गोल काढला. चुकीच्या जागी लाल गोल, ही त्यांची खूण. "देवाच्या दारातून नदी वाहून राहिली पोरी," म्हणाल्या. ती मुलगी हसली, आम्हीही हसलो. स्नॅपची चूक म्हणजे हसण्याचीच गोष्ट होती तेव्हा.

मग अमेरिकेची कामं जरा मंदावली आणि साहेबांनी इथलंच एक सरकारी काम आणलं. पुण्याच्या पश्चिमेकडच्या भागाचे नकाशे, त्यावर पुढे होणारे रस्ते. आपलीच गल्ली पडद्यावर बघायची म्हणून आम्ही खूश. सगळ्यांत खूश साहेब. त्यांचं घर कर्वेनगरातच होतं, आणि ती शीट त्यांनी हौसेने स्वतः काढायला घेतली.

ती तपासायला ताईंकडे आली. थोड्या वेळाने ताई उठल्या आणि साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमच्या कंपाउंडची भिंत नकाशात रस्त्यात आली जी."

"असेल हो ताई, थोडीशी. आम्ही पुढे सरकवायचीच म्हणतोय."

"सरकवा मग. तवा मी नकाशात सरकवते. जमिनीवर नाही ते नकाशावर नको."

साहेब ओशाळले. मुद्दाम केलं नव्हतं त्यांनी. आपल्या घराच्या वेळी माणसाचा हातच जरा सैल सुटतो. ताईंनी त्याच दिवशी नियम घातला, आणि साहेबांनी खाली मान घालून तो मान्य केला: ज्या शीटमध्ये आपलं घर, ती शीट आपण काढायची नाही, तपासायची नाही, उघडून बघायचीसुद्धा नाही. माझी शनिवार पेठ त्या कामात नव्हतीच, त्यामुळे माझ्या सचोटीची परीक्षा झाली नाही.

वारज्याची शीट आली तेव्हा ताईंनी ती साहेबांकडे दिली. "ही तुम्ही तपासा जी. यात माझं घर आहे." साहेबांनी तपासली. मनापासून तपासली, यात मला शंका नाही. फक्त लांबून तपासली. पूर्ण शीट पडद्यावर बसेल एवढी ठेवून ते वरून खाली पाहत गेले. त्यांना सगळं बरं दिसलं.

ती शीट गेली. सरकारी कचेरीत बाकीच्या शीटांबरोबर लोकांना बघण्यासाठी भिंतीवर लागली. हरकत असेल तर सांगायला मुदत होती, ती संपली. नकाशे मंजूर झाले आणि त्यांच्यावर शिक्के बसले. आम्ही परत आमच्या गटारांकडे वळलो.

बऱ्याच महिन्यांनी ताई एका सकाळी आल्या आणि आपल्या खुर्चीत न बसता माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"वारज्याची शीट उघड रे."

मी मागे वळून पाहिलं. "ताई, तुमची शीट?"

"उघड तू. मी हात नाही लावत."

त्यांच्या घराच्या भिंतीवर आदल्या दिवशी कोणीतरी लाल रंगाने बाण काढून गेलं होतं. रस्त्याची आखणी करणारी माणसं होती ती. यजमानांनी विचारलं, तर म्हणाले, घर रस्त्यात आहे.

मी शीट उघडली. ताई काचेपासून हातभर लांब उभ्या होत्या. मी झूम केलं, अजून झूम केलं. अशा कामात रस्त्याची फक्त मधली रेघ आपण काढायची, दोन्ही कडा सॉफ्टवेअर ठरलेल्या रुंदीने आपण होऊन काढतं. मधली रेघ शेतांतून सरळ येत होती. ती नाल्याकाठच्या खुणेच्या दगडाला भिडून तशीच पुढे जायला हवी होती. पण दगडाच्या अलीकडे तिने उडी मारली होती आणि ती ताईंच्या ओट्याच्या कोपऱ्याला जाऊन चिकटली होती. दोन्ही कडा तिच्यामागून मुकाट वळल्या होत्या आणि त्या कडांच्या मध्ये ताईंच्या दोन्ही खोल्या आल्या होत्या.

खाली पसरलेला स्कॅन मी चालू केला. जुन्या कागदावर रेघ दगडाकडेच जात होती. घर मोकळं होतं. दोन रेघांमधलं अंतर कागदावर तांदळाच्या दाण्याएवढं.

"स्नॅप," मी म्हणालो.

ती रेघ कोणी काढली, हे कधीच कळलं नाही. मुलं यायची, थोडं शिकायची आणि मोठ्या कंपनीत निघून जायची. कोणावर रागवायचं, हेही ठरवता येईना. साहेब बाहेर आले, त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि ते माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "ताई, ही मी तपासली होती," एवढंच त्यांना बोलता आलं.

"माहीत आहे जी," ताई म्हणाल्या. "मीच दिली होती तुम्हाला."

साहेबांनी काही लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. चूक आमची आहे असं त्यांनी आमच्याच कंपनीच्या कागदावर लिहिलं, सही केली आणि ताईंना, यजमानांना आणि मला घेऊन कचेरीत गेले. जुन्या कागदाची प्रत आणि नव्या शीटची प्रत मी शेजारी शेजारी टेबलावर पसरली. अधिकारी सभ्य होते. त्यांनी चष्मा बदलला, दोन्ही नीट पाहिल्या.

"चूक आहे हे मला दिसतंय. मी काही आंधळा नाही," ते म्हणाले. "पण हा नकाशा मंजूर आहे. त्यात बदल म्हणजे पुन्हा सूचना, पुन्हा हरकती, पुन्हा वरची मंजुरी. आणि हे इकडे बघा." त्यांनी नाल्याकाठच्या मोकळ्या जागेवर पेन्सिल टेकवली. "या शीटप्रमाणे इथून रस्ता जात नाही. म्हणून इथे इमारतीला परवानगी दिलेली आहे. पाया खणून झालाय. आता मी रस्ता तिकडे नेऊ म्हणता?"

"पण साहेब, रस्ता तिकडूनच होता ना मुळात," यजमान म्हणाले.

"अहो, मुळात होता. आता नाही." ते ताईंकडे वळले. "बाई, मुदतीत हरकत का नाही घेतलीत? भिंतीवर लावली होती की शीट. कुणीही येऊन बघावी."

ताई म्हणाल्या, "आपल्याच माणसांनी काढली होती ना. तिच्यात काय पाहायचं, असं वाटलं मले."

अधिकाऱ्यांनी चहा मागवला. तो आम्ही प्यायलो, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून.

आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा पुन्हा गेलो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, वरच्या मजल्यावरून खालच्या. प्रत्येक ठिकाणी मी दोन कागद पसरायचो आणि प्रत्येक ठिकाणी माणसं मान डोलवायची. चूक सगळ्यांना मान्य होती. एका टेबलामागचे गृहस्थ तर म्हणाले, "चूक तुमची, पण नकाशा आता आमचा." एखाद्याने भांडण केलं असतं, नाही म्हटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. असं सगळेच हो म्हणत असताना घर जातं, ते कसं थोपवायचं हे मला कळेना. आम्ही रोज लोकांच्या असल्या चुका दुरुस्त करत होतो. कुठे काय झालंय ते दिसत होतं, दुरुस्ती येत होती, यंत्र हाताशी होतं, आणि ही एक चूक आमच्याने हलत नव्हती. त्या दिवसांत मला स्वतःच्या हातांचाच राग यायचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत खोलीत आम्ही दोघंच होतो. कचेरीला शीटची नवी प्रत हवी होती, ती त्या दिवशी जायची होती. मी शीट उघडली, मधल्या रेघेचा तो बिंदू पकडला आणि म्हणालो, "ताई, एका क्लिकचं काम आहे. दगडावर नेऊन ठेवतो. जातेच आहे प्रत, कोण बघतंय?"

त्या अशा ओरडल्या की माझा हात सुटला.

"हात लावशील तर याद राख! शिक्क्याच्या कागदापुढे तुझ्या प्रतीला विचारते कोण? आणि आज तू माझ्यासाठी सरकवशील, उद्या कोणी कोणासाठी सरकवेल. मग इतके वर्षं मी इथं बसून काय केलं रे? शेंगा खाल्ल्या?"

मी बिंदू जागच्या जागी सोडला. त्या आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. पाठमोऱ्या होत्या, पण पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला. मी त्यांच्यासाठी पाणी आणलं आणि ते तसंच टेबलावर राहिलं.

घर पाडलं त्या दिवशी त्या रजा घेतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या वेळेवर आल्या. यजमान तिकडे थांबले होते. "तिकडं उभं राहून मी काय करू?" म्हणाल्या. सोबत एक पिशवी होती. तिच्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली घरातली बुद्धाची मूर्ती होती, ती त्यांनी मॉनिटरशेजारी ठेवली आणि कामाला लागल्या. स्वयंपाकघर आवरून झालेलं, त्यामुळे डबा नव्हता. माझ्या आईने दोघांपुरतं दिलं होतं. त्यांनी निम्मी पोळी खाल्ली.

दुपारी ताई एका नव्या मुलीच्या मागे उभ्या राहिल्या, काचेवर बोट टेकवलं आणि सवयीने म्हणाल्या, "घर उघडं राहिलं..."

खोलीतले सगळे माऊस थांबले. त्या मुलीने घाईघाईने रेघ ओढून घर बंद केलं. ताईंचं बोट काचेवरच होतं. नंतर त्यांनी ठसा पुसला, नेहमीपेक्षा बराच वेळ पुसला, आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

त्यांना दुसरीकडे कुठेतरी जागा देऊ असं सांगण्यात आलं होतं. तोवर ती दोघं कर्वेनगरात एका खोलीत भाड्याने राहिली. ऑफिस जवळ पडतं म्हणून बरं झालं, असं त्या म्हणायच्या. कढीपत्ता मात्र आता कोणी आणत नव्हतं. साहेब त्यांच्या समोर फारसे उभे राहत नसत. काही विचारायचं असलं की मला मध्ये घालायचे. ताईंनी त्यांना एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि मला वाटतं, साहेबांना तेच सोसत नव्हतं.

रस्ता झाला, डांबर पडलं. मग तेच नकाशे पुन्हा आमच्याकडे आले. या मधल्या काळात जमिनीवर जे बदललं ते नकाशात घालायचं होतं. पडलेली घरं काढायची, नवी दाखवायची, झालेले रस्ते पक्के करायचे. वारज्याची शीट एका मुलाने पुरी केली आणि ती तपासणीला साहेबांकडे निघाली. नियमाप्रमाणे.

"इकडं दे ती," ताई म्हणाल्या.

मुलगा नवा होता, पण नियम त्यालाही पाठ होता. "ताई, ती तुमची शीट आहे ना?"

"आता नाही. आता माझं घर नाही ना तिथं. आता मी तपासू शकते."

त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या, की त्या मुलाने शीट देऊनही टाकली. मी माझी खुर्ची हळूच त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी मला जा म्हटलं नाही.

त्यांनी ती शीट जशी तपासली तशी मी कोणतीच शीट कोणाला तपासताना पाहिलेली नाही. एका कोपऱ्यातून सुरुवात केली आणि घर न् घर झूम करून पाहिलं. एका दुकानाचा कोपरा उघडा होता, तिथे लाल गोल केला. एका विहिरीची लेयर चुकली होती, तिथे केला. मग त्या रस्त्यावर आल्या आणि रस्त्याने पुढे पुढे सरकत त्या वळणापाशी पोचल्या.

तिथे घर नव्हतं. मुलाने ते बरोबर काढून टाकलं होतं. पलीकडे नाल्याकाठी नवी इमारत आली होती, चारही कोपरे बंद. सरळ येणारा रस्ता मध्येच ताईंच्या बाजूला वळत होता आणि पुन्हा आपल्या वाटेला लागत होता. ताईंनी खालचा जुना स्कॅन चालू केला. त्यावर रेघ दगडाकडे जात होती. त्यांनी वळणावर लाल गोल काढला. बाजूला टिपण लिहिलं, इतरांच्या चुकांसाठी लिहायच्या तेच: स्नॅप चुकला.

त्या गोलाकडे बघत बसल्या. मला वाटलं, चला, निदान एकदा कुठेतरी लिहिलं तरी गेलं. आमच्याच फाइलमध्ये का असेना, त्यांच्या हाताने का असेना.

मग त्यांनी तो गोल पकडला आणि पुसला. टिपणही पुसलं.

"काहून काढलं, ताई?" त्यांचाच शब्द माझ्या तोंडून गेला.

"जमिनीवर आता तसंच आहे ना रे," त्या म्हणाल्या. "रस्ता तिथूनच जाऊन राहिला. मी पाहून आली. आता शीट बरोबर आहे."

त्यांनी स्कॅन बंद केला, दुकानाची आणि विहिरीची चूक त्या मुलाकडून दुरुस्त करून घेतली आणि शीटला होकार दिला. काचेवर त्या दिवशी ठसा नव्हता. त्यांनी बोट टेकवलंच नव्हतं. मला उठून कुठेतरी जोराने काहीतरी आपटावंसं वाटलं. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने साहेब माझ्याजवळ आले. त्यांनी विचारलं, "पास केली?" मी हो म्हणालो. ते परत आत गेले नाहीत, गाडी काढून घरी निघून गेले.

पुढच्या वर्षी यजमानांच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची टूम निघाली. ती घेऊन ती दोघं वर्ध्याकडे गेली. दुसरी जागा मिळाली की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. जाताना ताईंनी सगळ्यांच्या मॉनिटरची काच ओल्या फडक्याने पुसून दिली. "माझे डाग आहेत," म्हणाल्या. त्यांची खुर्ची मग मला मिळाली. मी पडद्याकडे लांबूनच दाखवायचो. मला बोट टेकवणं जमलं नाही.

ते ऑफिस आता नाही. नकाशे प्रत्येकाच्या खिशात आले आणि उघडी घरं बंद करायला माणसं लागेनाशी झाली. तुमच्यापैकी कोणी वारज्याच्या त्या रस्त्याने जात असेल, तर नाल्याजवळच्या इमारतीपाशी तुम्हीही गाडी वळवत असाल. वळणाला काही कारण दिसत नाही. तिथे टेकडी नाही, देऊळ नाही, जुना वडही नाही. एक रिक्षावाला मला म्हणाला, "कुण्या बड्या माणसाची जागा वाचवली असणार बघा इथं." मी म्हटलं, असेल.

वळणाच्या बरोबर मधोमध, जिथे तुमचं चाक वळतं, तिथे ताईंच्या ओट्याचा कोपरा होता. संध्याकाळी तिथे बसून त्या आमच्यासाठी कढीपत्ता खुडायच्या.